पुढच्याच्या डोक्यावरून

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड बघायला गेलात, तर थोडा वेळ कुस्ती सोडून प्रेक्षकांकडे पाहा. मोकळ्या रानात गोल रिंगण धरलेले असते. पहिल्या दोन-तीन रांगा मांडी घालून जमिनीवर. त्यांच्यामागची मंडळी उकिडवी किंवा गुडघ्यांवर. त्यामागे उभे राहिलेले. त्यांच्याही मागे कोणी बैलगाडीवर, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोणी देवळाच्या ओट्यावर आणि पोरेटोरे बाभळीवर. ही रचना कोणी आखून दिलेली नसते, ती आपोआप होते. रेवड्यांच्या कुस्त्या चालू आहेत तोवर सारे ठीक असते. शेवटची इनामाची कुस्ती लागली की मात्र पुढचे उठून उभे राहतात, मागचे ‘खाली बसा’ म्हणून ओरडतात आणि एखादे ढेकूळही पुढच्या टोपीवर येऊन पडते.

त्या ढेकळामागे भूमितीचा एक प्रश्न आहे. मध्यभागी चाललेला खेळ हजारो माणसांना एकाच वेळी, प्रत्येकाला आपल्या पुढच्याच्या डोक्यावरून, कसा दिसावा? ग्रीकांनी डोंगरउतारावर पायऱ्या कोरून तो सोडवला. रोमनांनी सपाट जमिनीवर दगडी कमानींचा डोंगर उभा केला. अमेरिकेने गेल्या सव्वाशे वर्षांत यासाठी एवढे काँक्रीट ओतले की काही लहान गावांमध्ये गावापेक्षा स्टेडियम मोठे वाटावे. आपल्या राज्यातही विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुले बांधण्याचे धोरण आहे. अशा संकुलाचा विषय निघाला की गावात पहिला प्रश्न येतो तो प्रेक्षकांसाठी किती पायऱ्या होणार, हा. तो प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. का ते पाहण्यासाठी आधी पायऱ्यांचे गणित करू.

समरूप त्रिकोण आणि फेटा

समजा, कुस्तीच्या हौदाच्या मध्यापासून १० मीटरवर पहिली रांग मांडी घालून बसली आहे. मांडी घातलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटर उंच असतो. दुसरी रांग त्याच्यामागे ८० सेंटिमीटरवर आहे. दुसऱ्या रांगेतल्या माणसाला पैलवानांचे पाय दिसायचे असतील, तर त्याच्या डोळ्यापासून पायांपर्यंतची रेषा पुढच्या माणसाच्या डोक्यावरून गेली पाहिजे. डोळ्यापासून टाळूपर्यंतचे अंतर सुमारे १२ सेंटिमीटर. म्हणजे ही दृष्टिरेषा १० मीटरवर ८० अधिक १२, अशा ९२ सेंटिमीटर उंचीवरून गेली पाहिजे. समरूप त्रिकोणांच्या नियमाने ती १०.८ मीटरवर किती उंच असेल? ९२ गुणिले १०.८ भागिले १०, म्हणजे ९९ सेंटिमीटरहून किंचित जास्त. दुसऱ्याचा डोळा तिथे हवा. पहिल्याचा डोळा ८० वर, दुसऱ्याचा ९९ वर. पायरी झाली १९ सेंटिमीटरची.

हे १२ सेंटिमीटरचे अंतर स्टेडियम बांधणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाचे असते. ते ‘सी-मूल्य’ या नावाने ओळखले जाते. ते वाढवले की दिसते चांगले, पण बांधकाम उंच आणि महाग होते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. प्रेक्षकांच्या डोक्यावर फेटे असतील तर १२ सेंटिमीटर पुरणार नाहीत, २० धरावे लागतील. मग पहिलीच पायरी २८ सेंटिमीटरची होते. उलट, मागच्या रांगेतली माणसे पुढच्या दोघांच्या मधल्या फटीसमोर बसवली तर त्यांना लगतच्या रांगेच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या रांगेच्या डोक्यांवरून पाहायचे असते. मग ६ सेंटिमीटरही चालतात आणि पायरी १३ वर येते. प्रार्थनेच्या वेळी किंवा स्नेहसंमेलनात मुलांना एकाआड एक बसवणारे शिक्षक नकळत हेच करत असतात.

आता गंमत पुढे आहे. तिसऱ्या रांगेसाठी हेच गणित पुन्हा करा. पायरी १९ नव्हे, २० सेंटिमीटरची येते. चौथीला आणखी थोडी जास्त. तिसाव्या रांगेच्या पुढे ती ३४ सेंटिमीटरच्या आसपास पोचते. म्हणजे प्रत्येकाला सारखेच चांगले दिसायचे असेल तर प्रेक्षागाराचा उतार सरळ असून चालत नाही. तो कढईसारखा, वर जाताना अधिकाधिक खडा होत गेला पाहिजे. साऱ्या पायऱ्या १९ च्याच ठेवल्या तर काय होईल? एकतिसाव्या रांगेतल्या माणसाची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्यापासून १२ ऐवजी जेमतेम ४ सेंटिमीटर वरून जाईल. म्हणजे त्याला कुस्ती दिसणार नाही, पुढच्याचे केस दिसतील. अनेक ठिकाणी प्रेक्षागाराच्या पायऱ्या खालपासून वरपर्यंत एकाच मापाच्या असतात. गवंड्याला ते सोपे जाते. वरच्या रांगेतला माणूस उभा राहून कुस्ती बघतो, त्याचे कारण केवळ उत्साह नव्हे.

वर्गात हे करून पाहण्यासाठी सुतळी, खडू आणि जिन्याच्या पायऱ्या पुरतात. खांद्याइतक्या उंचीवर खडूने डोळ्याची खूण केलेल्या काठ्या पायऱ्यांवर उभ्या करा, सुतळीचे एक टोक मैदानावरच्या खुंटीला बांधा आणि ती कोणत्या काठीला अडते ते पाहा. बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या शाळांना तर जिनाही लागणार नाही.

खासबाग

या गणिताचे महाराष्ट्रातले सर्वांत देखणे उदाहरण कोल्हापुरात आहे. १९०२ साली छत्रपती शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधील कलोसियम पाहिले. इसवी सन ८० मध्ये खुले झालेले हे लंबवर्तुळाकार प्रेक्षागार सुमारे ५० हजार माणसांचे होते, असे मानतात. तिथे माणसांच्या आणि जनावरांच्या जिवावर उठलेले खेळ चालत. महाराजांनी खेळ तिथेच सोडला आणि आकार तेवढा घेतला. कुस्तीच्या वेडापायी परतल्यावर त्यांनी खासबाग मैदानाचे काम काढले. १९०७ ते १९१२ या काळात ते पूर्ण झाले.

खासबाग पाहताना लक्षात येते ते असे, की इथे कलोसियमसारखा कमानींचा डोंगर नाही. मध्यभागी लाल मातीचा हौद आणि त्याच्याभोवती सर्व बाजूंनी चढत गेलेली बशीसारखी गोल बैठक. मध्ये खांब नाही, छप्पर नाही. तीस हजारांहून अधिक माणसे बसतात आणि कोणत्याही जागेवरून हौद दिसतो. गोल आकार इथे शोभेसाठी आलेला नाही. कुस्तीला दिशा नसते. पैलवान फिरत राहतात, डाव कोणत्या बाजूला पडेल सांगता येत नाही, म्हणून कोणतीही बाजू ‘पुढची’ नाही. शिवाय खेळाची जागा काही मीटरांचीच असल्याने प्रेक्षक अगदी जवळपर्यंत येऊ शकतात.

जवळ येण्याला महत्त्व किती, ते डोळ्याच्या मर्यादेवरून समजते. निरोगी डोळ्याला साधारण एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करणारी वस्तू वेगळी ओळखता येते. या हिशेबाने २ सेंटिमीटर जाडीचे बोट जास्तीत जास्त ७० मीटरवरून वेगळे दिसेल, तेही चांगल्या उजेडात. कुस्तीत तर पकड कुठे बसली हेच पाहायचे असते. म्हणून कुस्तीचे मैदान हवे तेवढे मोठे करून चालत नाही. भूमितीने उतार ठरतो आणि डोळ्याने आकारमान.

याच परिसरात महाराजांनी पॅलेस थिएटरही उभारले. तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत त्याची मोठी हानी झाली.

अमेरिकेतली बशी

खासबाग पूर्ण झाल्यावर दोनच वर्षांनी, १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नव्या फुटबॉल मैदानाचे उद्घाटन झाले. या दोन बांधकामांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण युक्ती पाहा. सपाट जमिनीवर ७० हजार माणसांची बैठक उभारायची तर खर्च अफाट. म्हणून अभियंता चार्ल्स फेरी याने मैदान जमिनीखाली सुमारे ८ मीटर खोदले आणि निघालेली माती भोवती तेवढ्याच उंचीला रचली. अर्धी बैठक खड्ड्याच्या उतारावर, अर्धी भरावावर. माती वाहून नेण्याचा खर्च वाचला आणि खांबही फारसे लागले नाहीत. विहीर खोदून निघालेल्या मातीचा बांध घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. या मैदानाला ‘येल बोल’ म्हणू लागले. त्याच्या धर्तीवर कॅलिफोर्नियात ‘रोज बोल’ झाला, तिथल्या सामन्यांमुळे मोठ्या सामन्यालाच ‘बोल’ म्हणण्याची रीत पडली, आणि आज दूरचित्रवाणीवर गाजणाऱ्या ‘सुपर बोल’च्या नावात तो मातीचा खड्डा अजून शिल्लक आहे.

अमेरिकेतली सर्वांत मोठी स्टेडियम व्यावसायिक संघांची नाहीत, विद्यापीठांची आहेत. आपल्याला हे चमत्कारिक वाटते. मिशिगन विद्यापीठाच्या १९२७ साली बांधलेल्या स्टेडियममध्ये आज १,०७,६०१ आसने आहेत. ते ज्या ॲन आर्बर गावात आहे, त्याची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे बीड शहरापेक्षा कमी. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात अनेक विद्यापीठांनी युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ वर्गण्या गोळा करून अशी प्रेक्षागारे बांधली. स्मारक, अभिमान आणि तिकिटांचे उत्पन्न अशा तिन्ही गोष्टी एका काँक्रीटमध्ये मिसळल्या गेल्या.

काँक्रीट एकदा ओतले की ते हलत नाही, आणि कधीकधी ते खेळालाच वळण लावते. हार्वर्ड विद्यापीठाचे स्टेडियम १९०३ सालचे. लोखंडी सळयांच्या काँक्रीटचे एवढे मोठे बांधकाम त्या काळी नवलाचे होते. त्यानंतर लगेच, अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूंचे मृत्यू होऊ लागल्याने खेळ कमी घातक करण्याची चर्चा सुरू झाली. मैदान बारा-तेरा मीटरने रुंद करावे म्हणजे खेळाडूंची गर्दी पांगेल, असा एक प्रस्ताव होता. पण हार्वर्डची प्रेक्षागारे मैदानाला अगदी खेटून होती, ती सरकवणार कशी? मैदान तेवढेच राहिले आणि १९०६ साली त्याऐवजी चेंडू हाताने पुढे फेकण्याला मुभा देण्यात आली. आज हा खेळ ओळखला जातो तो त्याच फेकीसाठी.

एकाच मैदानात सगळे खेळ

१९६० नंतर अमेरिकेतल्या नगरपालिकांना एक हिशेबी कल्पना सुचली. फुटबॉलचा संघ वर्षाकाठी आपल्या गावी आठ-नऊ सामने खेळतो, बेसबॉलचा संघ एक्याऐंशी. दोघांसाठी एकच गोल स्टेडियम बांधले तर पैसा वाचेल. सेंट लुइस, पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया अशा गावांत एकासारखी एक गोल स्टेडियम झाली.

ही कल्पना भूमितीवर आपटली. बेसबॉलचे मैदान काटकोनातल्या पंख्यासारखे असते. सारा जीव त्या पंख्याच्या मुठीत, जिथून फलंदाज फटका मारतो. प्रेक्षकाला त्या कोपऱ्याजवळ बसायचे असते. अमेरिकन फुटबॉलचे मैदान ११० मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद असा आयत. तिथे प्रेक्षकाला लांब बाजूच्या मध्यावर बसायचे असते. पंखा आणि आयत दोन्ही सामावणारे वर्तुळ काढून पाहा. दोघांच्याही चांगल्या जागा मैदानापासून दूर ढकलल्या जातात. दोन्ही खेळांचे प्रेक्षक नाराज झाले आणि यातली बरीच स्टेडियम तीस-पस्तीस वर्षांतच सुरुंग लावून पाडण्यात आली. सिॲटलचे ‘किंगडोम’ १९७६ साली खुले झाले आणि २६ मार्च २००० रोजी पाडले गेले. त्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचे हप्ते मात्र २०१५ पर्यंत फिटत होते. इमारत नाही, कर्ज आहे, अशी ती पंधरा वर्षे गेली. सार्वजनिक पैशाने काही बांधू पाहणाऱ्या कोणत्याही तालुक्याने हा दाखला लक्षात ठेवावा.

आपल्या क्रिकेटचे गणित आणखी वेगळे. खेळ मध्यावरच्या २२ यार्डांत, पण मैदान भोवती सत्तर मीटर पसरलेले. फक्त खेळपट्टी दिसली म्हणजे झाले असे मानले, तर इतक्या अंतरावर १३-१४ सेंटिमीटरची पायरीही पुरते. पण सीमारेषेवरचा झेल दिसायला हवा असेल तर पहिल्याच रांगांना ३३ सेंटिमीटरची पायरी लागते. काय दिसलेच पाहिजे हे ठरवल्याशिवाय उतार ठरत नाही. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली झाले. तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात बिनसले, आणि १९७५ च्या जानेवारीत हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियममध्ये पहिला कसोटी सामना झाला. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली तेव्हा त्याची क्षमता वाढली नाही, तर घटून ३३ हजारांच्या आसपास आली. दाटीवाटीच्या जागी प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची मिळाली की असे होणारच.

बाहेर पडण्याचे गणित

आत बसवणे हा अर्धा प्रश्न झाला. खेळ संपताच सारेजण एकदम उठतात. कलोसियमला तळाशी ८० कमानी होत्या, त्यातल्या सामान्य प्रेक्षकांच्या ७६ कमानींवर अनुक्रमांक कोरलेले होते. प्रेक्षकाकडे असलेल्या खुणेवर कमान, जिना, रांग ठरलेली असे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही व्यवस्था आपल्याकडच्या काही मैदानांना आजही जमलेली नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

ब्रिटनमधील सुरक्षा मार्गदर्शिकेत एक उपयोगी आकडा आहे. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून एका मिनिटात साधारण ६६ माणसे सुरक्षितपणे उतरू शकतात, आणि मैदान आठ मिनिटांत रिकामे व्हायला हवे. तीस हजार माणसे आठ मिनिटांत म्हणजे मिनिटाला ३,७५०. भागिले ६६. सत्तावन्न मीटर रुंदीचे जिने लागतील. दोन मीटरचा एक धरला तरी अठ्ठावीस-एकोणतीस जिने! तालुक्याच्या मैदानात तीन हजार माणसे बसत असली तरी दोन मीटरच्या तीन वाटा उघड्या हव्यात. एका फाटकाला कुलूप आणि दुसऱ्यापुढे मोटारी उभ्या, असे असेल तर आकडा आपणच काढावा.

गर्दी विरळ असते तोवर माणूस स्वतःच्या पायाने चालतो. दर चौरस मीटरला पाच-सहा माणसांच्या पुढे गेली की ती द्रवासारखी वागू लागते. तिच्यातून धक्क्याच्या लाटा जातात आणि माणसाच्या इच्छेला काही अर्थ उरत नाही. बहुतेकांचा जीव पायाखाली तुडवला जाऊन नव्हे, तर छाती आवळली जाऊन श्वास न मिळाल्याने जातो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर फुटबॉल सामन्यात १६ जण गेले. १९८९ साली इंग्लंडमध्ये हिल्सबरो मैदानावर ९७ बळी पडले. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या फाटकाबाहेर ११ जण मरण पावले. तिथे तर लोक आत जायला धडपडत होते. आणि २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीच्या जत्रेत अरुंद, उताराच्या वाटेवर सुमारे तीनशे भाविकांचा बळी गेला. ते स्टेडियम नव्हते, पण वाटेची रुंदी आणि माणसांची संख्या यांचे गणित तेच आहे. जत्रेला मुलांची सहल नेणाऱ्या शिक्षकाने ते माहीत करून घ्यावे.

खेळ नसताना

वर्षातले बहुतेक दिवस स्टेडियम रिकामे असते. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेचे काय होते, याची अमेरिकेतली उदाहरणे मोठी विलक्षण आहेत. शिकागो विद्यापीठाने १९३९ साली आपला फुटबॉल संघच बंद केला, त्यामुळे तिथले स्टॅग फील्ड ओस पडले. त्याच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली रॅकेट खेळण्याची एक बंदिस्त खोली होती. तिथे एन्रिको फर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्राफाइटच्या विटा आणि युरेनियम यांचे ५७ थर रचले आणि २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी माणसाने घडवून आणलेली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया पार पडली. ती २८ मिनिटे चालली आणि तिची शक्ती होती अर्धा वॅट. टॉर्चचा लहानसा दिवा लागेल एवढी! भर शहरात, प्रेक्षकांच्या बाकांखाली हा प्रयोग झाला, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

ह्यूस्टनच्या ‘ॲस्ट्रोडोम’ची गोष्ट जीवशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे. १९६५ साली खुल्या झालेल्या या स्टेडियमवर संपूर्ण घुमट होता. खाली खरे गवत जगावे म्हणून छताला पारदर्शक तावदाने बसवली. त्यांतून येणाऱ्या उन्हाने खेळाडूंचे डोळे दिपून उंच चेंडू दिसेना. मग तावदाने रंगवली. चेंडू दिसू लागला, पण प्रकाश कमी पडल्याने गवत मेले. पुढच्या वर्षी तिथे प्लास्टिकचे गवत अंथरले गेले आणि ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव जगभर गेले. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले तेव्हा हजारो लोकांनी तिथल्या ‘सुपरडोम’मध्ये आसरा घेतला. वाऱ्याने छताचे आवरण उडाले, वीज गेली, स्वच्छतागृहे तुंबली. ॲस्ट्रोडोमने नंतर त्यांतल्या हजारोंना सामावून घेतले. मुंबईत २०२० साली वरळीच्या एनएससीआय डोममध्ये करोनाच्या रुग्णांसाठी खाटा लागल्या. आपल्या जिल्हा-तालुक्याच्या मैदानांवर संचलने, सभा, प्रदर्शने चालतातच. तेव्हा पाणी, स्वच्छतागृहे आणि रुंद फाटके या तीन गोष्टी पायऱ्यांच्या आधी पाहायला हव्यात.

पाण्याचा विषय निघाला आहे तर तोही हिशेब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ७० मीटर त्रिज्येच्या क्रिकेट मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी धरले, तर ७७ हजार लिटर. टंचाईच्या गावात टँकरने माणशी रोज २० लिटर धरले, तर हे ३,८५० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. सामने हलवून मराठवाड्याला पाणी मिळाले का, असा प्रश्न तेव्हा उपहासाने विचारला गेला. थेट मिळाले नाही हे खरे, पण मैदानालाही पाण्याचा हिशेब द्यावा लागतो, हे त्यामुळे लोकांपुढे आले.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाच हजार चौरस मीटरच्या प्रेक्षागारावर आणि छपरांवर पडणाऱ्या पाण्यापैकी ऐंशी टक्के जरी टाकीत किंवा शेततळ्यात वळवले, तरी २६ लाख लिटर होते. हिरवळ भागणार नाही, पण मातीचा आखाडा, धावपट्टीवर शिंपण आणि स्वच्छतागृहे सहज भागतील.

आष्टी ते यूजीन

आता ज्यांच्यासाठी हे सारे करायचे, त्यांच्याकडे वळू. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवले आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३,००० मीटरच्या अडथळा शर्यतीत धावतो. या शर्यतीत २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. २०२२ च्या जुलैत तो अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, यूजीन गावच्या हेवर्ड फील्डवर जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत धावला आणि अकरावा आला. पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅमला ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने राष्ट्रकुलचे रौप्यपदक मिळवले. सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकले. २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले.

ते हेवर्ड फील्ड अमेरिकी मानाने लहान, कायम आसने बारा-तेरा हजारांची. पण ते फक्त धावण्या-उडी-फेकीच्या खेळांसाठी बांधलेले आहे. प्रेक्षक धावपट्टीला खेटून बसतात, कारण मध्ये दुसरा कोणता खेळ सामावायचा नाही. लाखाच्या स्टेडियमपेक्षा आपल्याला शिकण्यासारखे तिथे अधिक आहे. आवारे आणि साबळे घडले ते प्रेक्षकांच्या पायऱ्यांमुळे नव्हे. मैदानाचा पैसा मर्यादित असेल तर तो आधी धावपट्टीत, आखाड्याच्या मातीत आणि पाण्याच्या निचऱ्यात जावा, पायऱ्या नंतर येऊ शकतात. उतार असलेली टेकडी जवळ असेल तर त्या आधीच तयार आहेत.

धावपट्टीची भूमिती पायऱ्यांपेक्षा सोपी आहे आणि शाळेला ती फुकट आखता येते. ४०० मीटरच्या प्रमाण पट्टीत ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळे असतात. आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर, पण धावणारा कडेला घासून धावत नाही, म्हणून कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. दोन सरळ बाजू १६८.७८ मीटर आणि ३६.८० त्रिज्येचा परीघ २३१.२२, मिळून बरोबर ४००.

एवढी जागा शाळेला नसेल तर २०० मीटरची पट्टी घ्या. सरळ बाजू ४० मीटरच्या ठेवल्या की वळणांसाठी १२० मीटर उरतात. त्याला पायच्या दुपटीने भागले की १९.१० मीटर त्रिज्या येते. उंच कड नसेल आणि फक्याची नुसतीच रेघ मारायची असेल, तर मोजणी रेघेपासून २० सेंटिमीटरवर करायची असते, म्हणून रेघ १८.९० मीटरवर मारा. दोन खुंट्या ४० मीटरवर ठोका, त्यांना दोरी बांधा, अर्धवर्तुळे काढा आणि टोके सरळ रेघांनी जोडा. सव्वा मीटरला थोडे कमी, म्हणजे १.२२ मीटर रुंदीचे चार पट्टे काढले तर साधारण ८८ बाय ४८ मीटर जागा लागेल.

पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या पट्ट्यातल्या मुलाला पहिल्याच्या ७.६७ मीटर पुढे उभे करावे लागेल, तिसऱ्याला आणखी तेवढेच आणि चौथ्याला आणखी तेवढेच. हा आकडा त्रिज्या काहीही घेतली, सरळ बाजू कितीही धरल्या, तरी बदलत नाही. तो का बदलत नाही, ते रेघा मारून झाल्यावर तिथेच मैदानावर नववीच्या मुलांना विचारा.